प्रवाळ बघायला किती खोल जायचं? (स्नॉर्कल की स्कूबा)

शिंपला
मागच्या सुट्टीत हौसेने स्कूबा केलं. कोर्स वगैरे नाही, पहिल्यांदा येणाऱ्यांना धरून नेतात तो प्रकार. अर्धा तास सूचना, मग पाठीला टाकी, आणि मांजर पिल्लाला मानेला धरून नेते तसं इन्स्ट्रक्टरने मला टाकीला धरून खाली नेलं. आठ-नऊ मीटर गेलो असू. पहिली पाच मिनिटं उजव्या कानात कुणीतरी दाभण खुपसतंय असं वाटत होतं, पुढची दहा मिनिटं स्वतःच्या श्वासाची घरघर ऐकली, आणि मग वर. प्रवाळ दिसलं का, तर दिसलं. निळसर-राखाडी ढिगारे होते. फोटोतले लाल-केशरी रंग कुठे गेले कुणास ठाऊक. बोटीवर सगळे 'कसलं भारी!' करत होते म्हणून मीही केलं.

आता दोन महिन्यांनी पुन्हा एका प्रवाळबेटावर जायचा योग आहे. चार दिवस हातात आहेत. कोर्स करून टाकावा, की नळी तोंडात धरून वरच्यावर तरंगावं? पोहणं बेताचं. तरणतलावात दोनशे मीटर जातो, पण मध्ये कडेला धरून दम खातो. चष्मा उणे तीनचा. मिशी आहे (ती का सांगतोय ते जाणकारांना कळेल).

पाणकोंबडी
स्नॉर्कल. विषय संपला.

निळाई
पाणकोंबडीताई, इतक्यात कुठे संपवता, धागा आत्ता तर निघालाय.

शिंपला, तुमचा कान आणि तुमचे हरवलेले रंग, दोघांचा गुन्हेगार पहिल्या दहा मीटरांतच आहे. पृष्ठभागावर एक वातावरण दाब असतो, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. म्हणजे दाब दुपटीने वाढतो तो फक्त पहिल्या दहा मीटरांत. कानाच्या पडद्यामागची हवा तिथेच निम्म्यावर येते. 'खोल गेलं की कान दुखतो' असं लोक म्हणतात, पण मला वीस मीटरवर कान आहेत याची आठवणही राहत नाही. त्रास असतो तो वरच्या तीन-चार मीटरांत. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानात 'टक्' झालं पाहिजे. दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी. अगदी डोकं पाण्याखाली गेलं की पहिल्यांदा, आणि मग दर हातभर उतरताना. नाहीच सुटला तर मीटरभर वर या, तिथे करा, मग पुन्हा खाली. जोर लावून फुंकलं तर पडदा फाटू शकतो. सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात जायचंच नाही. गोळी घेऊन गेलात आणि तिचा असर खालीच संपला, तर वर येताना हवा कानात अडकते. ते दुखणं उतरतानाच्या दुखण्यापेक्षा वाईट.

तुमच्या इन्स्ट्रक्टरने तुम्हाला कानासाठी थांबू दिलं नाही, ही त्याची चूक. तुमच्यात काही कमी नव्हतं.

आता रंग. पाणी आधी लाल रंग खातं. पाच-सहा मीटरवर तो मरगळतो, दहाच्या पुढे जवळजवळ तपकिरी-करडा होतो. मग केशरी जातो, मग पिवळा. फोटोत दिसतात ते रंग दिव्याच्या उजेडातले. एकदा वीसेक मीटरवर माझं बोट बुडालेल्या बोटीच्या पत्र्याला कापलं. बोटातून गडद हिरवा धूर निघाला. क्षणभर कळेना काय गळतंय. माझंच रक्त होतं.

तेव्हा रंगच बघायचे असतील तर दुपारचं ऊन, सपाट पाणी आणि एक ते तीन मीटर खोलीवरचा प्रवाळभित्तीचा माथा. तिथे टाकीची गरज नाही.

खारंवारं
निळाईंच्या भौतिकशास्त्राला अनुमोदन, निष्कर्षाला नाही.

वरून तरंगणाऱ्याला प्रवाळभित्ती नकाशासारखी दिसते. ती खरी असते बाजूने. कपारी, छज्जे, छज्ज्यांच्या खालच्या बाजूला उलटे लटकलेले मऊ प्रवाळ, बिळातून तोंड काढून बसलेला मोरे ईल, हे सगळं वरून दिसणारच नाही. शिवाय लाटेवर हेलकावे खात एका जागी थांबता येत नाही. मी एकदा एका समुद्रफुलासमोर (फूल नव्हे, फुलासारखा दिसणारा प्राणी) पंधरा मिनिटं होतो. त्यात विदूषक माशांचं कुटुंब. सगळ्यात मोठी ती मादी, तिच्याखालोखालचा तिचा नर, बाकीची पिल्लावळ नुसती ताटकळत. मादी मेली की नर मादी होतो आणि रांगेतला पुढचा नर होतो. ती मोठी बाई माझ्या मास्कवर धडका मारत होती. माझ्या अंगठ्याएवढी असेल.

आणि धागाकर्त्यांनी केलं त्याला स्कूबा म्हणू नका. ते ओझं वाहून नेणं झालं. कोर्समध्ये तोल शिकवतात. बीसीडीत (हवा भरायच्या जाकिटात) थोडी हवा, कमरेला मोजकं वजन, आणि बाकीचं फुप्फुसावर. श्वास घेतला की एक-दोन सेकंदांनी आपण वीतभर वर, सोडला की वीतभर खाली. त्या उशिराची सवय झाली की हात हलवावे लागत नाहीत. पोहण्याची अट दोनशे मीटर, वेळेचं बंधन नाही, आणि दहा मिनिटं नुसतं तरंगणं. दम न खाता दोनशे करा, झालं. पास झालात की अठरा मीटरपर्यंतची परवानगी.

एकच नियम डोक्यात कोरून ठेवा. टाकीतून घेतलेला श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर भरलेलं फुप्फुस रोखून वर आलात तर तीच हवा दुप्पट होऊ पाहते. इजा व्हायला दहा मीटरही लागत नाहीत, दीड मीटर पुरतो.

तळटीप
मिशीचं बोलूया. गंभीर विषय आहे.

मास्कचा सिलिकॉनचा काठ नाकाखाली टेकतो तिथेच मिशी सुरू होते, आणि केसांतून पाणी झिरपतं. सगळी काढायची गरज नाही. नाकाखाली एक बारीक पट्टी भादरली की काम होतं. घरी कुणाच्या लक्षातही येत नाही (माझ्या आलं नाही, म्हणजे बायकोच्या आलं पण ती हसली नाही). मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने श्वास ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. पट्टा आवळून गळका मास्क कधी बरा होत नाही, फक्त कपाळावर वळ उठतो.

चष्म्याला काच बदललेले मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या टप्प्यात. पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतर जवळ दिसते, त्यामुळे उणे तीनवाल्याचं उणे अडीचवर भागतं. काचेवर वाफ धरते त्यावर जगभर एकच उपाय, थुंकी. कोरड्या काचेवर चोळा, एकदा विसळा. नवीन मास्क असेल तर आधी टूथपेस्टने आतून घासा, कारखान्यातला तेलकट थर गेल्याशिवाय थुंकी चालत नाही.

शिंपला
सगळ्यांचे आभार. मिशीची पट्टी मान्य.
खारंवारं, मोह झालाय. पण चौथ्या दिवशी सकाळी दहाचं परतीचं विमान आहे. चालेल ना?

खारंवारं
नाही चालणार. मग कोर्स रद्द.

टाकीतल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन. दाबाखाली तो रक्तात, चरबीत विरघळतो आणि सावकाश बाहेर पडतो. म्हणून तर वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा घाई करत नाहीत आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात. विमानात केबिनचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. शरीरात नायट्रोजन शिल्लक असेल तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरतात, सांध्यांत, कण्यात, कुठेही. एकच डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास, अनेक केल्या असतील तर निदान १८ तास विमान नको. कोर्सला खुल्या पाण्यातल्या चार डाइव्ह लागतात. तिसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर पाण्याखाली राहून चालणार नाही, आणि तीन दिवसांत कोंबलेला कोर्स म्हणजे पुन्हा ते मांजराचं पिल्लू.

पाणकोंबडी जिंकल्या. हे मी लिहितोय यावर विश्वास बसत नाही.

पाणकोंबडी
मी आधीच सांगितलं होतं.

मोरपंखी
स्नॉर्कल म्हणजे सोपं, असं समजून जाऊ नका म्हणून लिहितेय.

आम्ही दोघं एका खाजणात, म्हणजे भित्तीच्या आतल्या शांत पाण्यात उतरलो होतो. कंबरेएवढं पाणी, आरशासारखं. मी मान खाली घालून बघतेय, आणि खालचा तळ आपोआप सरकतोय. आगगाडीच्या खिडकीतून दिसतं तसं. पाय न मारता! वाटलं, काय भारी फिन्स (पायात घालायची वल्ही) आहेत. मग प्रवाळांचे गोळे संपले, वाळू आली, वाळूवर लांब लांब रेषा, आणि पाणी एकदम गडद. डोकं वर काढलं तर किनारा बोटभर.

नंतर समजलं ते असं. भित्तीवर लाटा फुटतात, ते पाणी आत साचत राहतं, आणि बाहेर जायला त्याला एखादीच खिंड असते. त्या खिंडीतून ते नदीसारखं वाहतं. ओहोटीला अजून जोरात. ज्यांनी आम्हाला तिथे उतरवलं त्यांनी खिंडीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन पाय मारले. पाच मिनिटांनी खाली बघितलं तर तोच दगड, तिथेच. नवऱ्याने हात धरून आडवं ओढलं, प्रवाहाला काटकोनात, जिथे लाटा आत येताना दिसत होत्या त्या बाजूला. तिथे पाणी उलट आत ढकलत होतं. गुडघे खरवडले, पण आत आलो.

आता मी उतरायच्या आधी दहा मिनिटं नुसती उभी राहून पाणी बघते. फेस कुठे आहे, कुठे नाही. लाटांच्या रांगेत जिथे फेस नाही, गुळगुळीत दिसतं, ती खिंड. जाताना प्रवाहाविरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर तो परत आणतो. आणि दर मिनिटाला डोकं वर.

अर्धवट_पाणबुड्या
मोरपंखीताई, काटा आला वाचून.
माझ्याकडून एक टीप. खाली सूर मारायच्या आधी वीसेक खोल आणि भराभर श्वास घ्या. फुप्फुसात प्राणवायू भरतो. मी आता दीड मिनिट खाली राहतो, आधी जेमतेम चाळीस सेकंद जमायचं.

निळाई
हे आजपासून बंद करा. खरंच.

प्राणवायू भरत नाही. रक्त आधीच जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं. भराभर श्वासांनी कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. 'श्वास घे' ही तगमग त्याच्या वाढण्यामुळे होते, प्राणवायू कमी झाल्यामुळे नाही. म्हणजे तुम्ही टाकीत पेट्रोल टाकलं नाही, काट्याची तार कापलीत. खाली दाबामुळे उरलासुरला प्राणवायूही पुरतो, आणि वर येताना शेवटच्या काही मीटरांत दाब उतरला की तो एकदम पडतो. माणूस पृष्ठभागाजवळ दिवा विझावा तसा बेशुद्ध होतो. आधी काही जाणवत नाही. उत्तम पोहणारे असे गेलेत, तरणतलावातसुद्धा. दोन-तीन शांत श्वास, एक सूर, वर आल्यावर भरपूर विश्रांती, आणि वरून लक्ष ठेवणारा एक माणूस. मिनिटं मोजू नका.

ती टीप कृपया संपादित कराल का?

अर्धवट_पाणबुड्या
माहीत नव्हतं. संपादन होत नाहीये, मुदत गेली. लोकहो, वर मी लिहिलेलं पाळू नका.

गवतफूल
पूर्ण चेहरा झाकणारे मास्क कसे? नाकातोंडाने मोकळा श्वास घेता येतो म्हणे. धागाकर्त्यांच्या मिशीचाही प्रश्न सुटेल.
अवांतर: गेल्या वर्षी आम्ही एका जागी सगळं प्रवाळ पांढरंशुभ्र पाहिलं. बर्फ पडल्यासारखं. इतकं सुंदर! ते कोणत्या जातीचं?

तळटीप
मला ते मास्क आवडत नाहीत. नाक चिमटीत येत नाही म्हणजे कान सुटत नाही, म्हणजे सूर मारायचा नाही. पाणी शिरलं तर नळी थुंकून टाकावी तसं तोंड मोकळं करता येत नाही, पट्टे काढावे लागतात. आणि झडपा चांगल्या नसतील तर सोडलेलाच श्वास आत फिरत राहतो. साध्या नळीचंही तेच गणित. ती चाळीसेक सेंटिमीटरच्या आतच का असते? लांब असती तर आपण आपलीच शिळी हवा ओढत बसलो असतो. आणि मीटरभर खाली गेल्यावर छातीवर पाण्याचा दाब इतका, की वरची हवा नुसत्या फुप्फुसाच्या जोरावर खेचता येत नाही. सिनेमात बोरूच्या नळीने तळ्यात लपणारे वीर असतात ना, ते दोन वीत खोल असतील तरच खरे.

निळाई
गवतफूल, ते जात नव्हती, उपास होता.

प्रवाळ हा प्राणी. इवल्या इवल्या पॉलिपांची वसाहत, खाली स्वतःच बांधलेला चुनखडीचा सांगाडा. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. रंगही बराचसा त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं. मग पारदर्शक कातडीतून पांढरा सांगाडा दिसतो. तुम्ही पाहिलंत तेव्हा ते मेलेलं नसावं. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. नाहीतर काही आठवड्यांत त्यावर हिरवट-तपकिरी बुरशीसारखा थर चढतो, आणि मग संपलं. जगभर एकाच वेळी असं विरंजन १९९८, २०१०, २०१४ ते १७ असं तीनदा झालं. चौथं २०२४च्या एप्रिलमध्ये जाहीर झालं.

मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा 'वा!' म्हटलं होतं. नंतर लाज वाटली, पण दिसतं सुंदरच, त्याला काय करणार.

मोरपंखी
म्हणून हात लावू नका. गोलाकार दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटर वाढतं. फिनचा एक फटका म्हणजे कुणाची तरी वीस वर्षं. उभं राहायचं असेल तर वाळूवर. आणि सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा घाला. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईने २०२१ पासून बंदी घातली, पलाऊने त्याआधी २०२० मध्ये. सनस्क्रीन किती दोषी यावर वाद आहे, तापलेल्या पाण्यापुढे तो किरकोळच. पण पाठ अंगरख्यानेच वाचते, हे मी सोललेल्या पाठीच्या अनुभवावरून सांगते.

अर्धवट_पाणबुड्या
आणि शार्क? (आता विचारूनच जातो.)

खारंवारं
भित्तीवर दिसतात ते बहुतेक काळ्या टोकाच्या परांचे, तुम्ही जवळ गेलात की तेच पळतात. मी घाबरतो ते टायटन ट्रिगरफिशला. हिंदी-प्रशांत महासागरात भेटतो, अर्ध्या मीटरपेक्षा मोठा, दात माणसासारखे. वाळूत घरटं केलं की त्यावरचं पाणी थेट पृष्ठभागापर्यंत त्याचं, वर रुंद होत जाणारं, उलट्या शंकूसारखं. घाबरून सरळ वर गेलात तर त्याच्याच हद्दीत अधिक काळ राहता. आडवं पळायचं, पाय त्याच्याकडे ठेवून. माझ्या डाव्या फिनला अजून अर्धचंद्र आहे. रिकामे शंख मात्र उचलू नका, कोन शंखाच्या आत मालक असला तर विषारी सुई मारतो.

शिंपला
परत आलो. दोन महिने तलावात दम न खाता दोनशेचे चारशे केले, मिशीची पट्टी भादरली, उणे अडीचचा मास्क घेतला.

पहिल्या दिवशी काहीच नाही, लाटा. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरपंखीताईंच्या सांगण्यावरून दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. सोबतचे हसले. मग उतरलो, तर पहिली गंमत म्हणजे आवाज. कढईत फोडणी तडतडावी तसा, सगळीकडून, कुठून ते कळत नाही. आणि मध्येच 'कर्रम कर्रम'. बघतो तर पोपटमासा चोचीने दगडी प्रवाळ खरवडत होता. चार घास खाल्ले, थोडा पुढे गेला आणि मागून पांढऱ्या वाळूची एक रेघ सोडली. मी त्या किनाऱ्यावर दोन दिवस अनवाणी हिंडत होतो.

लाल दिसला. खराखुरा लाल, गुडघ्याएवढ्या पाण्यात, नळीत राहणाऱ्या किड्यांचे पिसारे. सावली पडली की सगळे एकदम आत. मी हात हलवत तोच खेळ कितीतरी वेळ केला. बाहेर आलो तर पाऊण तास झाला होता.

एक प्रश्न. दीड-दोन मीटरवर एक मोठा हेकरू जातीचा मासा तोंड उघडून स्थिर उभा होता, आणि बोटाएवढा निळा मासा, डोळ्यापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा, त्याच्या तोंडात शिरून कल्ल्यातून बाहेर येत होता. दोघांनाही काही घाई नव्हती. मध्येच मोठा दचकून थरथरला, छोटा बाजूला झाला, मग पुन्हा सुरू. ते काय?

निळाई
क्लीनर रास. सफाई कामगार. त्याचा ठिय्या ठरलेला असतो, मासे तिथे येऊन रांग लावतात. तो अंगावरचे परजीवी खातो. मध्येच मोह होऊन अंगावरचा चिकट थर ओरबाडतो, तेव्हा गिऱ्हाईक दचकतं. तुम्ही पाहिलंत ते तेच.

फक्त एक शंका. हुबेहूब तसाच दिसणारा एक तोतया आहे, ब्लेनी जातीचा. सफाईला आल्यासारखा येतो आणि पराचा लचका तोडून पळतो. ओळख तोंडावरून. खऱ्याचं तोंड अगदी टोकाला, तोतयाचं खालच्या बाजूला. फोटो आहे का?

शिंपला
आहे. शेपूट आलीय फक्त.